पुस्तकात नसलेली सायकल

धाड
४ डिसेंबर २०२५

अश्विनी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. तू पाठवलेल्या पुस्तकाचा तिसरा तुकडा या पत्रासोबत परत पाठवते आहे. यात गूळ कसा करावा ते चाळीस पानं सांगितलं आहे. मी जन्मभर गुऱ्हाळं पाहिली, मला चार वाक्यांत सांगता आलं असतं. इकडे गोष्टीतली सगुणा नावेत एक पाय ठेवून उभी, नावाडी दोर सोडतोय, घरचे उठायच्या आत तिला नदी पार करायची आहे, आणि हा माणूस आपल्याला चुलाणात पाचट किती घालायचं ते शिकवतो. तुझी आई वाचता वाचता थांबून म्हणाली, आत्याबाई, ही पानं सोडू का. मी म्हटलं, पोथीतलं पान सोडत नसतात.

हो, आम्ही पोथीसारखंच लावलं आहे. दुपारची जेवणं झाली, तुझ्या आईचं शेडनेटमधलं मिरचीच्या बियाण्याचं काम आटोपलं, की ओट्यावर पोतं टाकायचं, पुढ्यात शेंगा घ्यायच्या. ती वाचते, मी अर्थ सांगते. मला अक्षर येत नाही, पण चातुर्मासात पन्नास वर्षं पोथी ऐकली आहे. वाचणारीपेक्षा अर्थ सांगणारीचा मान मोठा असतो, हे तुझ्या आईला अजून पटलेलं नाही.

ज्या म्हाताऱ्या पेशंटनं घरी जाताना हे पुस्तक तुमच्या दवाखान्यात उशीखाली विसरून सोडलं, तो विसरला नसणार. त्यानं सुटका करून घेतली. पुठ्ठा नाही, पुस्तकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. नऊशे पानांचं हे धूड ब्लेडनं कापून सात तुकडे करायचे आणि एकेक पुण्याहून आजीला पोस्टानं पाठवायचा, हे तुझ्याच डोक्यात येऊ जाणे. तुझ्या खोलीतली मैत्रीण माझ्या शेऱ्यांसाठी तुकडा परत यायची वाट पाहते म्हणालीस. तिला सांग, गुळाची पानं वाचू नको, पाक कच्चा आहे.

चौथा तुकडा लवकर पाठव. सगुणा नावेत चढली की नाही, या विचारानं मला जेवण जात नाही.

तुझ्या पत्रात बाबांची चौकशी असते, म्हशीची असते, रुपालीच्या अंगणवाडीचीही असते. आईची नसते. तीन वर्षं नसते. हे वाक्य मी तिलाच लिहायला सांगते आहे, बघू लिहिते का. लिहिलं म्हणते.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती नीट वाच, दोनदा वाच आणि मग तुला काय वाटेल ते लिही.

आपली म्हैस मागच्या सोमवारी व्याली. वगार झाली आहे. म्हैस व वगार यांची प्रकृती उत्तम आहे. म्हैस सकाळी चार लिटर व संध्याकाळी तीन लिटर दूध देते. चीक शेजारी वाटला. वगारीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. सर्वांना आनंद झाला.

बस, सांगून टाकलं. आता मला हलकं वाटतंय. उत्तर येईपर्यंत पुन्हा जड वाटेल, ते वेगळं.

इथपर्यंत वाचलंस म्हणून आशीर्वाद.

तुझी आजी,
मंजुळाबाई

थंडी वाढली आहे. ड्यूटीला जाताना स्वेटर घालत जा.

धाड
३० डिसेंबर २०२५

अश्विनी,

दुसऱ्या तुकड्यात साप चावून मेलेला सगुणेचा काका चौथ्या तुकड्यात जेवायला बसला आहे. नुसता बसला नाही, भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली. मी तुझ्या आईला म्हटलं, मागे जाऊन बघ, ह्याचं दहावं-तेरावं आपण ऐकलं आहे. ती म्हणाली, छापणाऱ्याची चूक असेल. छापणारा भाकरी कशाला वाढेल?

आणि तरी सुटत नाही बघ. मी ठरवते, आता ऐकायचं नाही, हा माणूस आपला वेळ खातो. मग तो सगुणेला पलीकडच्या काठावर धर्मशाळेच्या दारात उभी करतो, आतून कुणीतरी कडी काढतं आणि तुझं ब्लेड नेमकं तिथं चाललेलं असतं. कुणी कडी काढली? चार दिवस मी हाच विचार करते आहे. काल पोस्टमनची वाट पाहत वेशीपर्यंत गेले, तर भागवत म्हणतो, आई, तू तर नवरदेवासारखी वाट बघते. तुझ्या बापाला आता कुठे थोडं बोलायला येऊ लागलं आहे.

तुझं जर्मनीचं वाचलं. रामनवमी झाली की दुसऱ्या दिवशी विमान, आणि तिथल्या दवाखान्यात तीन वर्षांची नोकरी. पुढचं माहीत नाही, असं लिहिलंस. तुझी आई हे वाचताना मध्येच पाणी प्यायला उठली. माठ भरलेला होता तरी तिला बराच वेळ लागला. मला ते गाव किती लांब आहे ते कळत नाही. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तिकडून पत्र किती दिवसांनी येतं ते इथं कुणी सांगू शकलं नाही. म्हणजे सातवा तुकडा त्याच्या आत आला पाहिजे. अर्धवट पुस्तक माझ्या गळ्यात घालून जाऊ नकोस.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी मी तुला सकाळी सहाच्या एसटीत बसवून दिलं, माझी शाल दिली, तेव्हापासून मी तुझी लाडकी. ती शाल आता विमानात बसेल. माझ्या नशिबात एसटीच.

मागच्या पत्रात सांगितलेल्या गोष्टीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी आजी,
मंजुळाबाई

रात्रपाळीहून आल्यावर उपाशी झोपू नकोस.

धाड
२३ जानेवारी २०२६

अश्विनी,

हे अक्षर तुझ्या मायचं नाही, रुपालीचं आहे. मागच्या गल्लीतली, अंगणवाडीवाली. तुझी माय आठ दिवसांसाठी देऊळगाव राजाले गेली, भाचीच्या लग्नाले. रुपाली म्हणते, आजी, तुम्ही जसं बोलसान तसं लिहीन. मी म्हटलं, आता तेच पाहिजे. तुझी माय माझं बोलणं इस्त्री करून पाठवते, तेवढं मले ठाऊक होतं. पण इस्त्रीच करते असं नाही. ऐक.

ती गेली तेव्हा पाचवा तुकडा अर्धा झाला होता. मले चैन पडेना. पाठ टेकली की सगुणा, उठून बसली की सगुणा. काल दुपारी रुपालीले पकडून आणलं अन् म्हटलं, पुढचं नंतर, आधी मले या तुकड्याच्या सुरुवातीची, सगुणेच्या मायची पत्रं पुन्हा वाचून दाखव. कारण या अख्ख्या पुस्तकात मी रडली ती तिथंच. बाकी सगळ्या ठिकाणी मी लिहिणाऱ्यावर चिडत राह्यली, पण ती तीन पत्रं त्यानं अशी लिहिली की मी शेंगा सोलायच्या थांबली होती.

पहिल्या पत्रात माय लिहिते, सगुणे, तुझी सायकल गोठ्यात उभी आहे, दर सोमवारी हवा भरते, कोणी मागितली तर देत नाही. दुसऱ्यात लिहिते, तू गेल्यापासून मी चहा ठेवत नाही, पाहुणे आले तर दुसरं कोणी ठेवतं. तिसऱ्यात एवढंच, की मला उत्तर देऊ नको, पण पत्र उघडत जा.

सायकलीचं ऐकलं तेव्हा मी तुझ्या मायले म्हटलं होतं, काय येडा माणूस आहे हा, नावा अन् बैलगाड्यांच्या काळात पोरीले सायकल कुठून आणली. तुझी माय म्हणाली, छापणाऱ्याची चूक असेल. चहाचं ऐकलं तेव्हा मले काहीतरी टोचलं. पण मी पुढं वाच म्हटलं.

तर रुपालीनं पानं उलटली. मागं गेली, पुढं गेली. मग म्हणाली, "आजी, इथं पत्रंच नाहीत."

मी म्हटलं, नीट बघ, चष्मा लाव. तिनं तीनदा पाहिलं. सगुणा नावेत बसल्यावर चौथ्या तुकड्यात तिची माय आली नव्हती, अन् या तुकड्यातही ती कुठंच नाही. ना पत्र, ना नाव, ना मेली म्हणून एक वाक्य. मेलेल्या काकाले भाकरी वाढणारा तो माणूस जिवंत मायले साफ विसरून गेला.

मी उठली अन् गोठ्यात गेली. तुझी निळी सायकल, शाळेत असताना मिळालेली, भिंतीले टेकून उभी आहे. वरून पोतं टाकलं आहे. मी टायर अंगठ्यानं दाबलं. दगडासारखं. मले अक्षर कळत नाही, हवा कळते. तीन वर्षं ज्या सायकलीवर कोणी बसलं नाही, तिच्यात एवढी हवा आपोआप राहत नाही.

तू जाताना उशीवर चिठ्ठी ठेवली होती. आईला सांगा, मला फोन करू नको, माझ्याशी बोलू नको. भागवतनं ती वाचून दाखवली तेव्हा तुझी माय फक्त म्हणाली, बरं. त्या दिवसापासून तिनं तुले फोन केला नाही. आम्हाले वाटलं, बाई ताठ्याची आहे. ताठा नव्हता गं. तू सांगितलेलं ऐकून राह्यली होती.

आता माझी झोप उडाली ती दुसऱ्याच कारणानं. जी बाई छापलेल्या पुस्तकात पत्रं घालते, ती माझ्या पत्रात काय घालत असेल अन् काय काढत असेल? मार्गशीर्षातल्या पत्रात मी तुले एक गोष्ट कबूल केली होती. तिच्या हातानंच लिहवून घेतली होती. तू त्यावर अक्षर लिहिलं नाही. मी समजली, पोरगी रागावली. मग तुझं दुसरं पत्र नेहमीसारखं हसत आलं. मी समजली, पोरगीनं माफ केलं. मग समजली, माफ केलं नाही, नुसतं गिळलं. दीड महिना मी अशी या कुशीवरून त्या कुशीवर. आता वाटते, तुले ते मिळालंच नाही.

माझी सगळी पत्रं एका पाकिटात घालून परत पाठव. रुपालीच्या पत्त्यावर. मले माझं बोलणं ऐकायचं आहे. अन् तुझ्या मायले यातलं काही कळू देऊ नको. सहावा तुकडा तेवढा घरच्या पत्त्यावर येऊ दे, नाहीतर तिले वास येईल.

मंजुळाबाई

(रुपालीनं विचारलं, खाली अजून काही लिहू का. मी म्हटलं, माझं संपलं.)

धाड
१३ फेब्रुवारी २०२६

अश्विनी,

पाकीट मिळालं. काल अंगणवाडीत, लेकरं खिचडी खाऊन घरी गेल्यावर, रुपालीनं मले माझीच पत्रं वाचून दाखवली. छोट्या खुर्चीत बसून ऐकली. आधी हसू आलं, मग बंद झालं.

मी जिथं कबूल केलं होतं, तिथं म्हैस आहे.

मी बोलत होती तेवढा वेळ पेन चालत होता, मी डोळ्यानं पाहत होती. मधी हात थांबला असता तर मले कळलं असतं. म्हणून बिचारीनं तेवढ्या ओळी भरायले म्हैस व्यायले लावली, वगारीच्या कपाळावर ठिपका दिला. अन् नंतर मी विचारलं, लिहिलं का सगळं, तर वाचून दाखवताना माझं बोलणं शब्दाले शब्द म्हणून दाखवलं. कागदावर म्हैस, तोंडात माझी कबुली. एवढी हुशार सून मी चहाच्या कामाले लावली.

अन् पत्राच्या शेवटी स्वेटर. उपाशी झोपू नकोस. पायाला तेल लाव. अश्विनी, मी या जन्मात कोणाले स्वेटर घाल म्हटलेलं नाही. थंडी वाजली की घालंल, एवढंच माझं म्हणणं असते. तू मागं लिहिलं होतं, आजी, तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी सगळ्यात आधी वाचते. तुझ्या मायनं ते वाक्य दोनदा वाचलं होतं. मले वाटलं, अडखळली.

आता म्हैस बाजूले सार. जे सांगायचं होतं ते रुपाली लिहून घेऊन राह्यली, अन् ती माझ्याकडे अशी पाहते की हिच्या हातून काही सुटणार नाही.

हिवरा आश्रमाकडचं ते स्थळ मी आणलं होतं. बापानं नाही, मायनं नाही. त्या पोराचं गाव माझ्या माहेराले लागून. माझं माहेर सुटून साठ वर्षं झाली, भाऊ गेले, भाचे ओळखत नाहीत. तुले तिथं दिली असती तर मले वर्षातून चारदा जायले कारण झालं असतं. पोराचं मी नीट तोंडही पाहिलं नव्हतं. नदी पाहिली, वड पाहिला, अन् हो म्हणून टाकलं.

पाहुणे बसले तेव्हा तू आतल्या खोलीत होती. तू मायले सांगितलं होतं, आई, तू बोल, मला नोकरी करायची आहे. तिनं तुले शब्द दिला होता, हे मले माहीत होतं, कारण मी दाराशीच होती. ती बैठकीत आली, पदर नीट केला, अन् म्हणाली, "एक विचारायचं होतं."

मी म्हटलं, "वंदना, चहा ठेव."

पडद्यामागून तूही ऐकलं असशील. घरात दिवसातून दहादा होणारं बोलणं आहे, त्यात तुले काय कळणार. पण तिले कळलं, मले कळलं. तिनं पदर पुन्हा सारखा केला. मग आत गेली. कपबशा घेऊन बाहेर आली तोवर सुपारी फुटली होती.

तुले वाटलं, माय शब्द देऊन गप्प बसली. साखरपुड्याच्या दिवशी तू पिशवी भरलेली मी पाहिली, तेव्हा मले माझंच तोंड दिसलं. म्हणून तुले एसटीत बसवलं, शाल दिली. तू माझ्या गळ्यात पडली. तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. पण बाई, त्या मिठीची मले गोडी लागली. मग प्रत्येक पत्रात तू आजी आजी करत राह्यली, अन् मी तुझ्या मायच्या हातून तुले टोमणे लिहून पाठवत राह्यली, तिच्या जिवावर.

आता तू रागाव. मले चालते असं म्हणणार नाही, चालत नाही. पण रागाव. योग्य पत्त्यावर रागाव.

सहावा तुकडा आला. तुझी माय लग्नाहून आल्या आल्या वाचायले बसली. मी नेहमीसारख्या शेंगा घेतल्या. परवा मीच विचारलं, काऊन गं, त्या सगुणेच्या मायचं पुन्हा पत्र नाही आलं का? तिनं पान उलटलं, पानाकडं पाहिलं अन् म्हणाली, "आलंय की."

अन् वाचलं तिनं. सगुणे, तू अजून पुढे जातेस असं कळलं. नदीपलीकडे काय अन् समुद्रापलीकडे काय, मला दोन्ही सारखंच लांब. मी शेंगा सोलत राह्यली. नखं दुखेपर्यंत सोलल्या.

मंजुळाबाई

धाड
१२ मार्च २०२६

अश्विनी,

हे पत्र पुन्हा तुझ्या आईच्या अक्षरात आहे. या वेळी अट घातली आहे: इस्त्री चालेल, म्हैस नाही, मी बोलेन तेच कागदावर. मी तिच्या शेजारी रुपालीला बसवलं आहे, पोलीस म्हणून.

महिना झाला, तुझं उत्तर नाही. मी रोज वेशीपर्यंत गेले. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. होळी झाली. रामनवमी जवळ आली. मी स्वतःला सांगत होते, हेच मागितलं होतंस ना, मग आता घे. रात्री जेवताना भागवतनं दोनदा विचारलं, आई, तुले काय होऊन राह्यलं. मी म्हटलं, काही नाही, पुस्तकाचा शेवट राहिला आहे.

काल दुपारी पोस्टमन दारात येऊन थांबला. मी हात पुढे केला. तो म्हणाला, "मंजुळाबाई, आज तुमचं नाही." पाकिटावर वंदनाचं नाव होतं. तुझ्या अक्षरात. तीन वर्षांत या घरात त्या नावानं एकही कागद आला नव्हता.

तिनं हात पदराला पुसले. शेडनेटमधून आली होती, बोटं हिरवी होती. दिवसभर चिमट्यानं फुलं उघडणारी बाई, तिला पाकीट उघडता येईना. आत सातवा तुकडा निघाला आणि वरती तुझी चिठ्ठी. तिनं मला वाचून दाखवली: आई, हा शेवटचा तुकडा मी वाचलेला नाही. एवढीच. यात तिनं काही घातलं असेल असं मला वाटत नाही, एवढ्याशा कागदात घालायला जागाच कुठे होती.

मग ती आत गेली. मला पातेल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. साखर जास्त झाली होती, सवय मोडलेली आहे.

मी तेव्हा तिला सांगितलं, की मला म्हैस माहीत आहे, सायकल माहीत आहे, आणि तुला मी सगळं कळवलं आहे. मला वाटलं, ही रडेल किंवा भांडेल. ती चिडली. म्हणाली, काऊन सांगितलं? मी म्हटलं, खरं होतं म्हणून. तर ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्यावर राग होताच तिचा. तुमच्यावरही धरला असता तर ती पत्र लिहिणार कोणाला?"

हे लिहिताना ती थांबली आहे. रुपाली, बघ, लिहिलं का? लिहिलं म्हणते.

 माझं तोंड बंद झाल्याची ही गावातली पहिलीच वेळ, तारीख कालची.

आता सातव्या तुकड्याचं. तुझी आई म्हणाली, उद्या दुपारी लावू. मी म्हटलं, नाही. आपल्या घरात पोथी लावतात तेव्हा शेवटचा अध्याय ऐकणारं एक जरी माणूस बाहेरगावी असलं तर लावत नाहीत, पोथी झाकून ठेवतात. तुझे आजोबा तीर्थाला गेले होते तेव्हा आम्ही दोन महिने झाकून ठेवली होती. आणि हे पुस्तक ऐकणारी एक जण पुण्यात आहे. ती इकडे येणार नाही, तिच्याकडे दिवस नाहीत. म्हणून पोथी तिकडे जाईल.

तुझी आई म्हणते, मिरचीच्या फुलांचं काम ऐन भरात आहे, कंपनीची माणसं येणार आहेत, दोन दिवस कसे जाऊ. मी म्हटलं, रुपाली जाईल चिमटा घेऊन. रुपाली हो म्हणाली, मग नाही म्हणाली, मग हो म्हणाली. तुझी आई म्हणते, तिनं बोलावलेलं नाही. मी म्हटलं, पाकिटावर नाव कोणाचं आहे? तेव्हा तिनं पिशवी काढली. म्हणून उद्या सकाळी सहाची एसटी, तीच तुझी, संभाजीनगरला बदलायची. या वेळी मी पोचवायला जाणार नाही. मी पोचवते तेव्हा काहीतरी लपवलेलं असतं.

शेवट मला कळवू नका. सगुणेचं काय झालं ते तुम्ही दोघींनी एकमेकींना वाचून दाखवा, एक पान तू, एक पान ती. तुझी आई परत आली की मला ओट्यावर बसवून सांगेल. ती बदलून सांगणार हे मला माहीत आहे. बदलूनच सांगू दे. त्या माणसापेक्षा हिला पुष्कळ चांगलं जमतं.

तू माझ्यावर रागावली आहेस की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. विचारत नाही. जर्मनीहून लिहिलंस तर पत्ता वंदनाच्या नावाचा घाल, मी शेजारी बसून ऐकेन.

माझं संपलं. याखाली नेहमी एक ओळ येते. ती आजपासून जिची आहे तिनं तिच्या नावानं लिहावी.

मंजुळाबाई

अश्विनी,

वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, तू ड्यूटीवर आहेस, सहाला येशील. त्यांच्याकडे हे पत्र देऊन ठेवते आहे. मी खाली फाटकाजवळच्या बाकावर बसले आहे. सातवा तुकडा जवळ आहे, उघडलेला नाही. स्वेटर आणला आहे, तिकडे लागेल. काम संपवून सावकाश ये. मी जेवून आले आहे.

आई